बुशरेंजर इतकी वर्षं पोलिसांना सापडत कसे नव्हते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑस्ट्रेलियातले ते जुने वाटमारे, ज्यांना बुशरेंजर म्हणतात, ते पाच-पाच सहा-सहा वर्षं उघड उघड रस्ते लुटत होते तरी सरकारला सापडत कसे नव्हते? आपल्याकडे सह्याद्री आहे, घळी आहेत, किल्ले आहेत, लपायला जागा आहे हे समजतं, पण तिकडे तर सगळा माळ दिसतो, मग हे लपायचे कुठे?

मी मेलबर्नला राहतो, मूळचा सातारचा, गेली चौदा वर्षं गाईडचं काम करतो. महिन्यातून दोन-तीनदा तरी पर्यटकांना घेऊन ग्लेनरोवन, बेनाला, बीचवर्थ असा फेरा होतो, म्हणजे ज्याला इथे केली कंट्री म्हणतात तो भाग, नेड केली या सगळ्यात नावाजलेल्या बुशरेंजरचा मुलूख. मराठी ग्रुप असला की हा प्रश्न ठरलेला. गाडीत पाच मिनिटांत जे सांगतो ते अर्धवट असतं म्हणून इथे नीट लिहितो.

सरळ उत्तर असं की ते बहुतेक वेळा लपलेलेच नसायचे, कुणाच्या तरी घरी चुलीपाशी बसून जेवत असायचे. काकाच्या, मेहुण्याच्या, जुन्या दोस्ताच्या, कधी पैसे देऊन विकत घेतलेल्या माणसाच्या. बाकी सगळं, म्हणजे घोडा, बंदूक, जंगल, हे त्यानंतर येतं.

पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. सुरुवातीचे बुशरेंजर म्हणजे पळालेले कैदी. ब्रिटनमधून जहाजं भरभरून शिक्षा झालेली माणसं इकडे आणली, १७८८ पासून, आणि चाबूक आणि उपासमार असह्य झाली की त्यातले काही जण रानात पळायचे. पहिला म्हणून नाव घेतात ते जॉन सीझरचं, काळा माणूस, पहिल्याच ताफ्यातून आलेला, १७९६ ला इनामासाठी गोळी घालून मारला. तेव्हाची मंडळी फार टिकत नसत कारण त्यांना रान माहीत नाही, ओळखीचं कुणी नाही, काही तर भुकेनेच मेले. टास्मानियात, तेव्हाचं व्हॅन डीमन्स लँड, थोडी जास्त जमली. तिथला मॅथ्यू ब्रेडी असला इरसाल की गव्हर्नर आर्थरने त्याच्यावर इनाम लावलं तर याने उलटी नोटीस लावली, आर्थरला माझ्या हवाली करेल त्याला वीस गॅलन रम देईन म्हणून. १८२६ ला फाशी गेला. असो, यांच्यावर वेळ घालवत नाही, तुमचा प्रश्न खरा लागू होतो तो पुढच्या पिढीला.

१८५१ ला सोनं सापडलं आणि सगळं बदललं. एक तर रस्त्यावरून लुटण्यासारखं काहीतरी जायला लागलं, खाणीवरून सोनं आणि नोटा घोडागाडीने शहराकडे. आणि दुसरं म्हणजे आता रस्ता लुटणारी पोरं इथेच जन्मलेली होती, कैद्यांची आणि गरीब शेतकऱ्यांची मुलं, चालायला लागल्यापासून घोड्यावर बसलेली. त्यांना प्रत्येक ओढा, प्रत्येक कुंपणाची फट पाठ. याउलट न्यू साउथ वेल्समध्ये १८६२ ला पोलीस खात्याची नव्याने रचना झाली, सगळं सिडनीवरून चालायला लागलं, त्यात रानाची अजिबात ओळख नसलेली माणसं भरली आणि त्यांच्याखाली दिली सरकारी घोडी. बुशरेंजर मात्र मुद्दाम शर्यतीचे घोडे चोरायचे. मोठ्या वाड्यांवर जमीनदार हौसेने रेसचे घोडे पाळायचे, गँग आली की पैशाच्या आधी तबेल्याकडे बघायची. पाठलाग सुरू झाला की पहिल्या दोन मैलांतच निकाल लागलेला असायचा.

या काळातला सगळ्यात मोठा दरोडा युगौरा रॉक्सचा, १५ जून १८६२. फ्रँक गार्डिनर हा म्होरक्या, बरोबर सातेक जण, त्यात बेन हॉल आणि जॉन गिल्बर्ट. फोर्ब्सच्या खाणीवरून सोन्याची गाडी ऑरेंजकडे निघालेली, बरोबर चार पोलीस. यांनी काय केलं, रस्त्याने चाललेल्या बैलगाड्या अडवल्या आणि त्याच आडव्या लावून रस्ता बंद केला, गाडीवानांना बाजूला बसवलं, स्वतः तोंडं काळी करून खडकांमागे. गाडी वेग कमी करून आली आणि गोळीबार सुरू. घोडे उधळले, गाडी उलटली, पोलीस जखमी होऊन झाडीत पळाले, कुणी मेलं नाही. २,७०० औंसाच्या वर सोनं आणि रोख मिळून १४,००० पौंडांच्या आसपास माल. मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं आता हे आयुष्यभर बसून खाणार. काही दिवसांत जवळपास निम्मं सोनं पोलिसांना परत मिळालं, कारण एवढं वजन घोड्यावर लादून पळता येत नाही! सोनं लुटणं सोपं, वाहून नेणं अवघड, आणि विकणं तर त्याहून अवघड, आपल्याकडे चोरलेले दागिने सोनाराकडे मोडायला जावं लागतं तसंच. म्हणून नंतरच्या टोळ्यांनी सोन्याच्या गाड्यांचा नाद जवळपास सोडला आणि टपालगाड्या, दुकानं, वाडे, बँका यांच्याकडे वळल्या, नोटा हलक्या असतात.

आता मूळ मुद्दा. बुश टेलिग्राफ हा शब्द इथे आजही वापरतात, अफवा किंवा उडती बातमी या अर्थाने, तो या लोकांच्या खबऱ्यांवरून आलाय. पोलिसांची तुकडी ठाण्यातून निघाली की ते कळवण्याची साखळी असायची. एखादं पोरगं गाय शोधायच्या निमित्ताने घोड्यावरून निघायचं, पुढच्या घरी सांगायचं. पोलीस पोचेपर्यंत चूल गरम, माणूस गायब.

मग लोक का करत होते हे? इथे बहुतेक ठिकाणी तुम्हाला रॉबिनहूडची गोष्ट सांगतील, गरिबांचा कैवारी वगैरे. माझं स्वतःचं मत, एवढी वर्षं हे सांगून आणि वाचून झालेलं, असं की त्यात नातं हा सगळ्यात मोठा भाग, त्याखालोखाल पैसा, मग पोलिसांबद्दलचा राग, आणि थोडी भीतीही. खबर देणाऱ्याला, जेवण देणाऱ्याला, घोड्याला दाणा देणाऱ्याला हे लोक बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजायचे. रानातल्या एखाद्या खानावळवाल्याला बुशरेंजर म्हणजे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. ऑक्टोबर १८६३ मध्ये बेन हॉलच्या टोळीने कॅनोविंड्रा नावाचं अख्खं गाव तीन दिवस ताब्यात ठेवलं, सगळ्यांना हॉटेलात कोंडलं, आणि खाणंपिणं सगळं टोळीच्या खर्चाने. नाचगाणी चालू होती. गावातला पोलीस पण त्यातच कोंडलेला. यात लोकांना फार काही सहन करावं लागलं असं दिसत नाही, उलट वर्षभर पुरेल इतका विषय मिळाला.

पण राग खरा होता, तो नुसता गोष्टीतला नाही. जमिनीचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय हे कळत नाही. आधी आलेल्या बड्या लोकांनी हजारो एकर रान आपल्या मेंढ्यांसाठी धरून ठेवलेलं, त्यांना स्क्वॉटर म्हणायचे. १८६० नंतर कायदे झाले की गरीब माणसालाही तुकडा निवडून हप्त्याने घेता येईल, हे सिलेक्टर. पण अटी अशा की ठराविक मुदतीत कुंपण घाला, घर बांधा, नांगरणी करा, नाहीतर जमीन गेली. आणि स्क्वॉटरांनी आधीच आपल्या माणसांच्या नावावर पाण्याकाठच्या चांगल्या जागा उचललेल्या, मधे उरली खडकाळ. नेड केलीच्या आईची जमीन ८८ एकर, इलेव्हन माइल क्रीकवर. ऐकायला ८८ एकर म्हणजे आपल्याकडे पाटील झाला माणूस, पण मी ती जागा बघितली आहे, तशा रानात तेवढ्यावर कुटुंब चालवणं म्हणजे रोजची मारामारी.

त्यात कोंडवाडा. हो, आपला कोंडवाडाच. सिलेक्टरचं जनावर कुंपण ओलांडून स्क्वॉटरच्या रानात गेलं की पकडून कोंडवाड्यात, सोडवायला दंड भरा, नाही भरला तर लिलाव. नेड केलीने जे लांबलचक पत्र सांगून लिहून घेतलं, जेरिल्डरी लेटर म्हणतात त्याला, आठेक हजार शब्दांचं, त्यात या कोंडवाड्यावरून किती जळफळाट आहे ते वाचण्यासारखं आहे. त्यात तो कबूलही करून टाकतो की मग आम्ही घोडे चोरण्याचा ठोक आणि किरकोळ धंदा सुरू केला. व्हिक्टोरियात चोरायचे आणि मरे नदी ओलांडून न्यू साउथ वेल्समध्ये विकायचे, तेव्हा ही दोन वेगळी राज्यं, वेगळे पोलीस, एकमेकांशी धड बोलायचे नाहीत. नदी ओलांडली की निम्मी सुटका.

एक नाव मला मुद्दाम घ्यायचंय कारण टूरमध्ये ते कुणी विचारत नाही. कॅप्टन थंडरबोल्ट, खरं नाव फ्रेड वॉर्ड, १८६३ ला सिडनीच्या कोकाटू बेटावरच्या तुरुंगातून पोहून पळाला आणि पुढे साडेसहा वर्षं सापडला नाही, एवढं कुणी टिकलं नाही. याचं श्रेय बरंचसं मेरी ॲन बगला जातं, त्याची जोडीदारीण. आई इथली मूळनिवासी, बाप शिक्षा होऊन आलेला इंग्रज. तिला लिहिता-वाचता यायचं, गावात जाऊन बातमी काढायची, सामान आणायची, आणि रानात काय खायचं, पाणी कुठे मिळतं हे ज्ञान तिचं. पोरंबाळं सांभाळून हे सगळं. १८६६ ला तिला पकडून भटकेगिरीच्या कलमाखाली आत टाकलं, आरोप लावायला दुसरं काही धड सापडेना. ती सोबत नव्हती तेव्हा, १८७० च्या मे महिन्यात, तो उरालाजवळ एका पोलीस शिपायाच्या गोळीला बळी पडला, शिपाई तेव्हा ड्युटीवर पण नव्हता.

तर आता दुसरी बाजू, सापडले कसे. घरं फोडली तेव्हा सापडले, एवढंच.

न्यू साउथ वेल्सने एप्रिल १८६५ मध्ये कायदा केला, फेलन्स ॲप्रिहेन्शन ॲक्ट. यात माणसाला जाहीर करून कायद्याबाहेर काढता येत होतं, म्हणजे मुदतीत शरण आला नाही तर कुणीही दिसताक्षणी गोळी घालावी, खटला नाही, सूचना नाही. लोक हे कलम लक्षात ठेवतात. पण माझ्या मते खरा दणका दुसऱ्या कलमाचा होता, आसरा देणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आणि जमीनजुमला जप्त. ज्या माणसाने जिवाचं रान करून ते चाळीस-ऐंशी एकर मिळवलेत त्याला सांगा की भाच्याला एक रात्र झोपू दिलंस तर हे सगळं जाईल. त्यात बेन हॉलवर १,००० पौंड इनाम. कायदा झाला आणि महिन्याभरात, ५ मे ला, फोर्ब्सजवळ पहाटे बेन हॉल मारला गेला, अंगावर तीसेक गोळ्यांच्या खुणा, वय २७. खबर देणारा त्याला आसरा देणाऱ्यांतलाच. आठवड्याने गिल्बर्ट गेला, बिनालॉंगला, तिथे तो आणि टोळीतलाच जॉन डन हे डनच्या आजोबांच्या घरी मुक्कामाला होते, आणि खबर दिल्याचा ठपका त्या आजोबांवरच आहे. आपल्याकडे उमाजी नाईकांना इंग्रजांनी पकडलं ते १८३१ ला, ती पद्धत आठवून बघा, आधी फौजा पाठवून दमले आणि मग इनाम आणि जमिनीचं आमिष दाखवून माहितीतल्या माणसांकडून. तेच सरकार, तीच युक्ती.

(बेन हॉलने स्वतः कुणाला मारलं नाही हे इथे अभिमानाने सांगतात, आणि ते खरं दिसतं, पण त्याच्या टोळीतल्या गिल्बर्टने सार्जंट पॅरीला आणि डनने कॉन्स्टेबल नेल्सनला मारलं हे त्याच दमात सांगत नाहीत. नेल्सनला आठ मुलं होती.)

हीच युक्ती व्हिक्टोरियाने केलीवर वापरली तर ती उलटली, ते जरा बघण्यासारखं आहे. २६ ऑक्टोबर १८७८ ला स्ट्रिंगीबार्क क्रीकवर नेडच्या टोळीने तीन पोलीस मारले. लगेच तसाच कायदा आला. मग डिसेंबरात त्यांनी युरोआची बँक लुटली, २,००० पौंडांच्या आसपास, फेब्रुवारीत जेरिल्डरीची, तिथे तर दोन पोलिसांना त्यांच्याच कोठडीत कोंडून त्यांचेच युनिफॉर्म घालून गावात फिरले. दोन्हीकडे आधी तारायंत्राच्या तारा तोडल्या, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जेरिल्डरीला बँकेतली कर्जाची कागदपत्रंही जाळली. चारच वर्षांपूर्वी, १८७५ ला, आपल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती, हे मी गाडीत सांगितलं की पुण्याकडची मंडळी एकदम सरसावून बसतात.

सरकारने जानेवारी १८७९ ला काय केलं, केलीचे पाठीराखे म्हणून वीसेक लोक उचलले आणि बीचवर्थच्या तुरुंगात ठेवले, पुरावा नाही, आठवड्याला कोर्टात उभे करायचे आणि पुढची तारीख. तीन महिने! सुगीचे दिवस, पीक शेतात उभं आणि माणूस आत. जे काठावर होते ते सगळे केलीकडे झाले. वर बँकेच्या नोटा गावात फिरायला लागल्या, ज्यांच्याकडे कधी दमडी नसायची ते दुकानदाराची उधारी रोख चुकवायला लागले. इनाम वाढत वाढत ८,००० पौंडांवर गेलं, आणि तरी कुणी तोंड उघडेना.

मग केलीला हलवलं ते दोन गोष्टींनी. एक, क्वीन्सलँडहून आणलेले मूळनिवासी माग काढणारे, सहा जण, मार्च १८७९ पासून. आपल्याकडे पागी असायचे तसे, पण यांचं कसब काही औरच, खडकावरून गेलेल्या घोड्याचाही माग लागायचा. नेड गोऱ्या पोलिसांना हसायचा, यांना मात्र घाबरून होता, महिनोन्महिने हालचाल बंद. आणि दुसरी, आतला माणूस फुटल्याचा संशय. ॲरन शेरिट, टोळीतल्या जो बर्नचा लहानपणापासूनचा मित्र, पोलिसांकडून पैसे घेत होता, खरंच माहिती देत होता की पोलिसांना चुकवत होता यावर इथे लोक आजही भांडतात. २६ जून १८८० च्या रात्री जो बर्नने त्याला त्याच्या दारातच गोळी घातली. घरात त्याच्या रक्षणाला चार पोलीस होते, ते सकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. केलीचा बेत असा की शेरिटचा खून झाला की बातमी तारेने मेलबर्नला जाणार, तिथून पोलिसांची स्पेशल ट्रेन सुटणार, आणि ग्लेनरोवनच्या पुढे वळणावर रूळ उखडून ती उलटवायची. एरवी तारा तोडणाऱ्याने या वेळी तारेवरच भरवसा ठेवला. पण ते चार शिपाई घरात दडून बसल्यामुळे बातमीच उशिरा गेली! शनिवारी रात्री अपेक्षित ट्रेन रविवार रात्र उलटून आली. तोपर्यंत साठेक माणसं ग्लेनरोवनच्या खानावळीत ओलीस, दारू, पत्ते, सगळे पेंगुळलेले. त्यातला शाळामास्तर थॉमस कर्नो याने नेडची खात्री पटवली की बायको आजारी आहे, मी तुझ्याच बाजूचा, घरी जाऊ दे. घरी गेला, मेणबत्ती आणि लाल स्कार्फ घेतला, रुळावर जाऊन स्कार्फमागे मेणबत्ती धरून गाडी थांबवली.

इतके दिवस लोक नेडला खबर देत आले, आणि त्या रात्री त्याने अशा माणसांची मोट बांधली ज्यांना त्याने जबरदस्तीने आणलं होतं. मी हे ग्लेनरोवनला स्टेशनजवळ उभं राहून सांगतो.

लोखंडी चिलखताचं पण सगळे विचारतात. खरं आहे ते. नांगराचे पत्रे तापवून ठोकून चार केलेले, नेडचं ४४ किलोच्या आसपास, मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत बघायला मिळतं. डोकं, छाती, पाठ झाकलेली, पण हात-पाय उघडे, पोलिसांनी पायांवर मारा केला आणि २८ जूनच्या सकाळी तो पडला. तेवढं वजन घालून घोड्यावर चढता येत नाही की धड नेम धरता येत नाही. म्हणजे ज्या घोड्यावर आणि पळण्यावर हे सगळे आजवर जगले तेच त्याने त्या दिवशी सोडून दिलं. बाकीचे तिघे मेले, ओलीस लोकांतलेही काही मेले, त्यात खानावळवालीचा लहान मुलगा. तो पोलिसांच्याच गोळीने गेला. नेडला ११ नोव्हेंबर १८८० ला फाशी, माफीच्या अर्जावर तीस हजारांच्या वर सह्या झाल्या होत्या.

एक गोष्ट राहिली. कैवारी म्हणताना हे विचारायला पाहिजे की लुटलं कुणाला. श्रीमंत वाडे लुटले हे खरं, पण रस्त्यावर सगळ्यात सोपी शिकार म्हणजे एकटे-दुकटे चिनी खाणकामगार, सोनं अंगावर, भाषा येत नाही, पोलीस दाद देत नाहीत. त्यांना लुटल्याच्या, मारल्याच्या नोंदी जागोजागी आहेत आणि पोवाड्यांत त्यातलं काही नाही. गोऱ्या गरिबाचा कैवार एवढाच त्याचा घेर होता.

आणि त्या ८,००० पौंडांचं काय झालं तेही विचारतात म्हणून सांगतो, वाटणीसाठी सरकारने बोर्ड बसवला. पोलीस अधिकाऱ्याला ८००, कर्नो मास्तरला ५५०, त्याने तक्रार केल्यावर वाढवून १,०००. माग काढणाऱ्यांच्या नावे प्रत्येकी ५० पौंड लावले, पण त्यांना पैशाचं कळत नाही असं ठरवून ते सरकारकडेच ठेवले.